अकराव्या हिरवळीचा मागचा कोपरा

क्लेम ट्रँटर मार्चमध्ये गेला. सप्टेंबर उजाडला तरी त्याची राख हेस्टरच्या फडताळात मार्मलेडच्या बरण्यांशेजारी पडून होती.

गावात त्यावरून बोलणी होत होतीच. दुकानातल्या बाईने एकदा पाव पिशवीत टाकता टाकता विचारलंही, "काही ठरलं का गं क्लेमचं?" हेस्टर म्हणाली, "त्याला कुठे घाई आहे." बाई हसली. हेस्टरही हसली आणि पाव घेऊन घरी आली.

ठरायचं काही फार नव्हतं. चर्चच्या आवारात भिंतीलगतची जागा दोघांसाठी म्हणून केव्हाच सांगून ठेवलेली होती. क्लेम आधी जाईल, मग हेस्टर, दगडावर दोन नावं. अडचण होती ती हेस्टरच्या मनात. ज्या माणसाने आपल्या लेकीचा विषय अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही काढला नाही, त्याच्या शेजारी कायमचं जाऊन पडायचं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. अशी गोष्ट दुकानात कोणाला सांगायची?

क्लेम ऑल्डरमीर पार्कच्या गोल्फ मैदानाचा हेड माळी होता. एकेचाळीस वर्षं. मैदान म्हणजे पूर्वीच्या जमीनदाराच्या हवेलीभोवतीचं राखलेलं रान. जमीनदार गेले, हवेलीत क्लब आला. तीनशे वर्षांचे ओक आणि लिंडन होते तसेच राहिले आणि त्यांच्यामधून गवताचे अठरा पट्टे काढले. प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी एक हिरवळ, गालिच्यासारखी बारीक कापलेली. तिच्यात मुठीएवढं होल आणि होलमध्ये झेंडा. खेळणाऱ्यांचा जीव त्या होलात, आणि माळ्याचा जीव हिरवळीत.

क्लेम पहाटे उठायचा. आधी लांबलचक लवचीक काठी घेऊन एकेका हिरवळीवरचं दव झटकायचा, कारण दव बसून राहिलं की गवताला बुरशी धरते. मग होल हलवायचा. होल एका जागी ठेवून चालत नाही, पावलांनी भोवतीचं गवत मरतं. दोन मुठींचं पोलादी नळकांडं जमिनीत फिरवून दाबलं की मातीचा, वर गवत असलेला गट्टू निघतो. तिथे नवं होल. आणि तो गट्टू नेऊन कालच्या होलात बसवायचा, टाचेने दाबायचा, वर थोडं पाणी. क्लेमचा हात असा की तासाभराने त्यालाही सापडू नये. काल इथे काही होतं असं कोणी सांगूनही खरं वाटलं नसतं.

हेस्टरला त्याच्या या कसबाचा कधीकधी संताप यायचा. कशाचा ते तिने कधी बोलून दाखवलं नाही.

लेक झाली ती चौसष्टच्या ऑक्टोबरची चौदा तारीख. दिवस पूर्ण भरलेले होते. मूल मेलेलंच आलं. नर्सने टॉवेलात गुंडाळलं, "मुलगी होती," म्हणाली आणि घेऊन गेली. दाखवलं नाही. त्या काळी दाखवत नसत. पाहिलं नाही की लवकर विसरता येतं, असं सगळ्यांचं म्हणणं. कुठे पुरलं तेही सांगितलं नाही आणि विचारायचं असतं हे चोवीस वर्षांच्या हेस्टरला माहीत नव्हतं. क्लेमने तिला बसने घरी आणलं. बाळाची टोपडी, विणलेली गुलाबी शाल, सगळं सासूबाईंनी आधीच उचलून कुठेतरी दिलेलं होतं. हेस्टरने मनातल्या मनात तिचं नाव लिनेट ठेवलं. मोठ्याने कधी उच्चारलं नाही. पुढे मूल झालं नाही.

दर वर्षी चौदा ऑक्टोबरला हेस्टर वाट बघायची. त्याने काही मोठं बोलावं अशी अपेक्षा नव्हती. "आज चौदा तारीख" एवढं म्हणाला असता तरी पुरलं असतं. क्लेम नेहमीपेक्षा लवकर घराबाहेर पडायचा आणि नेहमीपेक्षा उशिरा यायचा. मोरीपाशी हात धुवायचा, जेवायला बसायचा.

"यंदा दव लवकर सुरू झालं," तो म्हणायचा. किंवा, "लिंडनची पानं गळायला लागली."

"हो का," हेस्टर म्हणायची आणि ताट उचलायची.

असे अठ्ठेचाळीस ऑक्टोबर.

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी गेथिन आला. गेथिन आताचा हेड माळी, क्लेमच्या हाताखाली तयार झालेला, सीमेपलीकडच्या वेल्सचा. दारातच बूट काढून मोज्यांवर उभा राहिला.

"बूट घालूनच ये आत. मी काही क्लबची कमिटी नाही," हेस्टर म्हणाली.

"मिस्टर ट्रँटर म्हणायचे, हेसच्या फरशीवर चिखल आणलास तर तुलाच खत म्हणून वापरीन."

"त्याला काय होतं बोलायला. फरशी कधी पुसली नाही त्याने." तिने चहा ओतला. "काय हवंय? नुसता चहा प्यायला तू येणार नाहीस."

गेथिनने कप दोन्ही हातांत धरला. "अकरावी हिरवळ, मिसेस ट्रँटर. पाणी धरतेय. मागचा डावा कोपरा तर नुसता स्पंज झालाय. खाली निचऱ्यासाठी मातीच्या नळ्या टाकल्यात, पण कुठून कुठे गेल्यात त्याचा नकाशा कोणाकडेच नाही. मिस्टर ट्रँटरच्या डोक्यात होता."

"ते डोकं आता फडताळात आहे. विचार जाऊन."

गेथिनला हसावं की नाही कळेना. मग तो हळू आवाजात म्हणाला, "त्यांच्या डायऱ्या असतील ना? रोज लिहायचे. त्यात असेल कुठेतरी."

डायऱ्या होत्या. बी-बियाणांच्या व्यापाऱ्याकडून दर ख्रिसमसला फुकट मिळणाऱ्या, हिरव्या पुठ्ठ्याच्या. एकसष्टपासून दोन हजार दोनपर्यंत, जिन्याखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत. हेस्टरने त्या कधी उघडल्या नव्हत्या. कामाची वही बायकोने काय उघडायची?

"तू आज जा. मी शोधून ठेवते. त्याचं अक्षर तुला लागायचं नाही, मला तरी कुठे लागतं म्हणा," ती म्हणाली.

गेथिन निघाला. बूट चढवता चढवता उंबऱ्यातच थांबला. काहीतरी विचारायचं होतं त्याला, पण न विचारताच गेला.

दुसऱ्या दिवशी हेस्टरने ट्रंक ओढून काढली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डायऱ्या रचल्या, चष्मा पुसला. नळ्या कधी घातल्या असतील? पावसाळी शरदातच, खेळ मंदावल्यावर. म्हणून तिने एकेका डायरीतला ऑक्टोबर-नोव्हेंबर उघडायचं ठरवलं.

रोजचं पान एकाच साच्याचं. वर हवा: थंड, दव जास्त, वारा पश्चिमेचा. मग काय कापलं, कुठे खत घातलं. खाली एक ते अठरा आकडे आणि प्रत्येकापुढे त्या दिवशी होल कुठे ठेवलं ते. पुढे, मधे, उजवीकडे. क्लेम बोलायचा तसंच लिहायचा, लागेल तेवढंच.

नळ्या अडुसष्टमध्ये सापडल्या. "११: नळ्या घातल्या, झाडापासून ओढ्यापर्यंत, तीन रांगा," आणि पेन्सिलीने काढलेली छोटी आकृती. काम झालं होतं. हेस्टरने पानात कागदाचा तुकडा घातला आणि डायरी मिटली. पण मिटता मिटता तिची नजर त्याच महिन्यातल्या दुसऱ्या एका पानावर गेली होती. तारीख चौदा. त्या पानाच्या खालच्या आकड्यांमध्ये एकच ओळ इतरांपेक्षा लांब होती.

"११: मागे डावीकडे, काटेझाडाजवळ."

तिने एकोणसत्तरची उघडली. चौदा ऑक्टोबर. "११: मागे डावीकडे, काटेझाडाजवळ." सत्तरची उघडली. एकाहत्तरची. तेरा तारखेला होल पुढे, पंधराला मधे, पण चौदाला तिथेच. मग तिने डायऱ्या ओळीने उघडायला सुरुवात केली, आणि चहा थंड झाला, आणि कोणी दार वाजवलं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं.

काटेझाड म्हणजे अकराव्या हिरवळीमागचं हॉथॉर्न. वाकडं, वाऱ्याने एका बाजूला कललेलं. मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी इतकं लगडायचं की दुरून कोणी चादर वाळत घातलीय असं वाटावं.

चौसष्टच्या मे महिन्यात हेस्टर पाचव्या महिन्याची होती. क्लेमचा डबा आणि चहाची बाटली घेऊन रोज दुपारी मैदानात जायची. त्या दिवशी तो अकराव्यावर होता. त्याने हिरवळ दाबायचा रूळ थांबवला आणि दोघं काटेझाडाखाली रुळाच्या दांड्यावर बसली. अर्धा पाव खाऊन झाला असेल, आणि पोटात काहीतरी फडफडलं. आधी हेस्टरला वाटलं, भूक. मग पुन्हा. तिने क्लेमचा हात ओढून पोटावर ठेवला. हात चिखलाचा, तिचा फुलाफुलांचा झगा नुकता धुतलेला, पण तेव्हा कोणाला त्याचं काय. क्लेम श्वास रोखून बसला होता. तिसऱ्यांदा लाथ बसली तसा तो लहान पोरासारखा हसला.

"गोल्फवाला नाही होणार हा," तो म्हणाला. "फावडं मारतोय. माळीच होणार."

"आणि मुलगी असली तर?"

"मग हेड माळी होणार."

त्याने फुलांनी भरलेली एक डहाळी मोडून तिच्या हातात दिली. तिने ती घरी आणली आणि खिडकीत जॅमच्या बाटलीत ठेवली. संध्याकाळी सासूबाई आल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि चेहरा पांढराफटक झाला. "हॉथॉर्न घरात आणलंस? कोणी आणलं हे? ही फुलं घरात आली की घरातून एक माणूस जातं, एवढं शिकवलं नाही का तुला कोणी?" त्यांनी बाटलीसकट फुलं परसात फेकली. क्लेम आणि हेस्टर एकमेकांकडे बघून हसू दाबत होते.

ऑक्टोबरात बसने घरी आल्यावर सासूबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं." क्लेम दारात होता, हातात तिची छोटी बॅग. त्याने हेस्टरकडे पाहिलं.

हे हेस्टर विसरली होती. विसरली होती असंही नाही, पण इतक्या वर्षांत तो क्षण पुन्हा उघडून बघितला नव्हता. आज टेबलापाशी बसून तिला ती नजर स्पष्ट दिसली. डहाळी त्यानेच मोडून दिली होती. तेव्हा "काहीतरीच काय बोलता" एवढे तीन शब्द बोलायला हवे होते. तिच्यात त्या वेळी तेवढा जीव नव्हता. ती त्याच्या बाजूने गेली, जिना चढली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिने चौसष्टची डायरी शेवटी उघडली. उघडवत नव्हती. चौदा ऑक्टोबरच्या पानावर हवा लिहिलेली नव्हती, आकडे नव्हते. मधोमध पेन्सिलीने एकच शब्द होता. "मुलगी."

पुढच्या पानावर, पंधरा तारखेला, दव जास्त, वारा नाही. त्याने अठराही हिरवळी झटकल्या होत्या. "११: मागे डावीकडे, काटेझाडाजवळ."

पण अजून पंच्याहत्तर राहिलं होतं. ते हेस्टरने वरवर पाहून बाजूला ठेवलं होतं, कारण त्या वर्षी ओळ वेगळी होती हे ओझरतं तिच्या लक्षात आलं होतं.

मंगळवार हा क्लबमध्ये बायकांचा दिवस. हेस्टर तेव्हा क्लबच्या स्वयंपाकघरात होती. दर मंगळवारी काकडीची सँडविचेस, स्कोन, चहाचे मोठे दोन जग. माळ्यांनी आणि माळ्यांच्या बायकांनी मागच्या दारानेच यायचं, हा नियम. शरदातल्या चषकाचा सामना ऑक्टोबरातल्या दुसऱ्या मंगळवारी असायचा, आणि काही वर्षी तो नेमका चौदा तारखेला यायचा. एकोणसत्तरमध्ये आला होता. तेव्हा बायकांनी चहा पिताना जे तोंड सोडलं ते हेस्टरच्या चांगलं लक्षात होतं. तो कोपरा उताराचा, वर झाडाची फांदी. चेंडू होलपाशी जायचा आणि गरकन वळून खाली यायचा. बायका रडकुंडीला आल्या होत्या.

पंच्याहत्तरला तेरा तारखेच्या सोमवारी, बायकांच्या कॅप्टन मिसेस लॉरिमर स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"हेस्टर, उद्या चषक आहे. तुझ्या नवऱ्याला सांग, अकराव्यावर तो मागच्या वेळचा वात्रटपणा नको. बायका म्हणतात, त्याला आमच्याशी काहीतरी वैर आहे."

"तसं नाही हो मॅडम. तो काही मुद्दाम नाही करत."

"मग मुद्दाम न करता होल मधे ठेवायला सांग. आणि स्कोन थोडे लहान करत जा, आम्ही शेतावरून नाही येत."

घरी आल्यावर हेस्टरने ते सगळं क्लेमच्या अंगावर ओतलं. तो मोरीपाशी हात धुत होता.

"सगळ्या मैदानात तुला तोच कोपरा सापडतो का?"

"एक दिवसाचंच आहे, हेस."

"एक दिवसाचंच आहे तर मग एक दिवस हलव की. तू बाहेर मोकळ्या हवेत असतोस. त्या बायकांसमोर मला उभं राहावं लागतं. सगळे मलाच ऐकवतात, आणि तू काय, एका भोकासाठी हट्ट धरून बसतोस."

 नळ बराच वेळ वाहत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी क्लेम धुतच होता.

"बरं," तो म्हणाला.

त्या रात्रीही हेस्टर दुसऱ्या दिवशीच्या तारखेचाच विचार करत जागी होती. हा शेजारी पडलाय आणि याला काही आठवतसुद्धा नाही, असा विचार.

आता तिने पंच्याहत्तरची डायरी दिव्याजवळ धरली. "१४ ऑक्टोबर. दव मध्यम. बायकांचा चषक. ११: मधे. हेस म्हणाली म्हणून."

हेस्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर शेजाऱ्याचं कुत्रं भुंकत होतं, मग तेही थांबलं. ती उठली, फडताळ उघडून राखेच्या खोक्यासमोर उभी राहिली.  खोक्यावर छापील चिठ्ठी होती, क्लेमेंट आर्थर ट्रँटर, आणि शेजारी तिच्याच हातची, मार्मलेड, जानेवारी.

"सांगायचं होतंस रे," ती शेवटी म्हणाली. "मेल्या, सांगायचं तरी होतंस."

मग तिला वाटलं, हे तोही म्हणू शकला असता.

दोन दिवसांनी गेथिन नळ्यांचा नकाशा न्यायला आला. हेस्टरने डायरी पुढे सरकवली. त्याने आकृती वहीत उतरवून घेतली, पण चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी होतं.

"त्या दिवशी काय विचारणार होतास?"

गेथिनने टोपी हातात फिरवली. "मिस्टर ट्रँटर निवृत्त झाल्यापासून दर ऑक्टोबरात शेडवर यायचे. अर्धा डझन अंडी घेऊन. म्हणायचे, चौदा तारखेला अकराव्याचं होल मागच्या कोपऱ्यात ठेवशील का? मी ठेवायचो. यंदा... म्हणजे, ते नाहीत, तर ठेवायचं का नाही, कोणाला विचारू ते कळेना."

"किती वर्षं?"

"मी हेड माळी झाल्यापासून. अकरा."

"आणि का म्हणून कधी विचारलं नाहीस?"

"विचारलं होतं एकदा. म्हणाले, तिथून पाणी चांगलं निचरतं." गेथिनने तिच्याकडे पाहिलं. "मिसेस ट्रँटर, ती आख्ख्या मैदानातली सगळ्यात ओली जागा आहे."

हेस्टर हसली. हसता हसता तिने टेबलाची कड धरली. गेथिन उठून उगाच खिडकीपाशी गेला आणि बाहेरच्या कोबींकडे बघत उभा राहिला. वेल्सच्या माणसाला पाऊस पडतोय हेच कळत नाही, असं क्लेम त्याला चिडवायचा. पण कधी पाठ फिरवायची ते गेथिनला बरोबर कळत होतं.

मग हेस्टरने त्याला सांगितलं. नाव सांगितलं. लिनेट. आवाज घोगरा आला, न वापरलेल्या भांड्यातून पाणी ओतावं तसा.

यंदा चौदा तारीख सोमवारी होती. उजाडताना हेस्टर खेड्याकडून येणाऱ्या पायवाटेने मैदानात शिरली. हातात चहाची बाटली. गवतावर दव इतकं की तिच्या मागे तिच्या पावलांची काळी रांग उमटत होती. गेथिन काठीने दव झटकत होता, लांब, सावकाश, क्लेमसारखं. काटेझाडावर पानं थोडीच उरली होती, पण लाल फळांनी फांद्या ओथंबल्या होत्या.

त्याने कोपऱ्यात नळकांडं टेकवलं, फिरवलं, दाबलं. मातीचा गट्टू वर आला. झेंडा लावायच्या आधी तो थांबला.

"मिसेस ट्रँटर, तुम्हाला हवं असेल तर... त्यांची राख... थोडी यात खाली घालता येईल. उद्या वर गट्टू बसवीन. कोणाला कळणार नाही."

"गवत जळेल," हेस्टर म्हणाली. "चाळीस वर्षं तो लोकांना ओरडत होता. मेलेल्याची आवडती हिरवळ म्हणून यायचे आणि राख ओतून जायचे आणि तो बिचारा महिनाभर तिथे गवत लावत बसायचा. त्याच्याच हिरवळीत त्याला जाळायचं का?" तिने बाटलीचं झाकण उघडलं. "शिवाय अजून नाही. अजून मला त्याच्याशी खूप बोलायचंय."

ती वाकली. गुडघे कुरकुरले. ती सावकाश गुडघ्यांवर टेकली आणि हात त्या होलात घातला, मनगटापर्यंत. आतली माती थंड होती, ओली, कडेने गुळगुळीत. ती तशीच थोडा वेळ राहिली. गेथिन बाराव्याकडे निघून गेला.

तो परत आला तेव्हा पूर्वी जिथे रुळाच्या दांड्यावर बसली होती, तिथे आता असलेल्या बाकावर ती बसली होती.

"गेथिन, उद्याही ठेवशील का इथेच?"

"उद्या मंगळवार आहे. बायकांचा सामना."

"माहीत आहे."

"कुरकुरतील."

"कुरकुरू देत. पंच्याहत्तरचा एक दिवस राहिलाय त्याचा. माझ्यामुळे."

 गेथिनने मान हलवली आणि काठी खांद्यावर टाकली.

मंगळवारी दुपारी हेस्टर पुन्हा त्या बाकावर होती. दोघी-दोघी, तिघी-तिघी बायका येत होत्या, आताच्या बायका, रंगीत जाकिटातल्या, हेस्टरला त्यातली एकही ओळखत नव्हती. चेंडू होलपाशी जात होते आणि वळून उतरत होते. उंच, पांढऱ्या केसांच्या एका बाईचा चेंडू तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा तिने काठी गवतावर टेकवून मोठा श्वास सोडला.

"कोणाच्या डोक्यातून निघतं हे," ती सोबतिणीला म्हणाली. "पूर्वी एक म्हातारा माळी होता, त्यालाही हीच खोड होती म्हणे. माझी आई सांगायची. मुद्दाम बायकांना छळायला." मग तिचं बाकाकडे लक्ष गेलं, आणि ती ओशाळल्यासारखी हसली. "माफ करा हं. तुम्हाला उगाच ऐकावं लागतंय."

हेस्टरच्या ओठांवर कितीतरी आलं. तिने कोटाचं बटण धरून ठेवलं.

"एक दिवसाचंच आहे," ती म्हणाली.

बाईने मान डोलावली, चौथ्यांदा चेंडू घातला, तो एकदाचा गेला, आणि सगळ्या पुढच्या पट्ट्याकडे निघून गेल्या. त्यांचं बोलणं ओकांमागे बराच वेळ ऐकू येत होतं.

उन्हं कलली. हेस्टर उठली, काटेझाडापाशी गेली. काटे चुकवत तिने एक डहाळी मोडली, लाल फळांची. बोटाला ओरखडा आलाच. ती पायवाटेने घरी आली, खिशातून किल्ली काढली, आणि डहाळी हातात धरून उंबरा ओलांडला. जॅमची रिकामी बाटली धुतली, पाणी भरलं, आणि फडताळात खोक्याशेजारी ती ठेवताना तिला जाणवलं की आता या घरातून जायला तिच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तिने मार्मलेडच्या दोन बरण्या सरकवून जागा केली.